स्टेफ्काचा पोरगा कॉर्डेलला गेला

एस्टरबी गावात कुणाचं काही बिनसलं, तर त्याचं कारण शोधायला स्टेफ्का हरिनियुकला फार डोकं चालवावं लागत नसे. माणूस उपाशी आहे, बस्स. शेजारचा माणूस दारू पितो, कारण त्याला घरी धड जेवायला मिळत नाही. शाळेचे मुख्याध्यापक पोरांवर खेकसतात, कारण दुपारी डब्यातलं गार सूप पितात. चर्चमधल्या फादरांचं प्रवचन लांबतं, कारण रिकाम्या पोटी माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. हे सगळं ती चारचौघांत बोलायची, आणि बोलून झालं की एक झाकलेली थाळी घेऊन त्या माणसाच्या दारात जायची. त्यामुळे तिचा राग कुणी फारसा मनावर घेत नसे.

तिचा नवरा मेट्रो आयुष्यभर गावच्या धान्याच्या कोठारावर गहू तोलत आला होता. गव्हाशी बोलावं लागत नाही, आणि घरी आल्यावर बोलायला जागा मिळत नाही, त्यामुळे त्याची बोलण्याची सवयच मोडली होती. हिवाळ्यात मात्र तो रेडिओशी बोलायचा. रेडिओवर हॉकीचा सामना लागला की "अरे, डावीकडे बघ की," असं हलक्या आवाजात त्याला सांगायचा.

हॉकी म्हणजे बर्फावरची. जगात कुठेतरी लोक ती गवतावर खेळतात असं स्टेफ्काला कुणी सांगितलं असतं, तर त्या लोकांना पोटभर जेवायला मिळत नसणार, असंच ती म्हणाली असती. एस्टरबीच्या संघाचं नाव गवे. शेजारच्या कॉर्डेल गावचा संघ म्हणजे कोल्हे. दोन्ही गावांच्या मध्ये सपाट शेतं, एक महामार्ग आणि तीन पिढ्यांचं वैर. संघातली पोरं सतरा-अठरा वर्षांची, लांबलांबून आलेली. ती गावातल्या घरांत राहत. हरिनियुकांच्या माडीवरची खोली अशीच एकेका पोरासाठी ठेवलेली असे. स्टेफ्काला स्वतःचं मूल नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे, पण खोलीतल्या पलंगावर गादी मात्र घरातली सगळ्यांत जाड होती.

१९८३ च्या शरदात त्या खोलीत कॉर्विन थीसन आला. मॅनिटोबा प्रांतातल्या मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या, शेतकऱ्यांचा पोरगा. उंची दाराच्या चौकटीला लागेल एवढी, खांदे बैलासारखे, आणि बोलणं इतकं नम्र की मीठ मागायच्या आधी माफी मागायचा. त्याला आणलं होतं मर्व्ह टॉलेफसनने. मर्व्हचं ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांचं दुकान होतं, आणि संघाची व्यवस्था तो हौस म्हणून बघायचा. पगार नाही, शिव्या मात्र वेळच्या वेळी. कॉर्विन हा पुढे मोठ्या संघात जाणारा हिरा आहे, असं मर्व्हने गावभर सांगितलं होतं. गावच्या साप्ताहिकात फोटोही आला. फोटोत कॉर्विनच्या कपाळाचा वरचा भाग कापला गेला होता, कारण तो मावतच नव्हता.

पहिल्याच सामन्यात हिऱ्याने गोल केला. त्यानंतर पाऊस जसा पाठ फिरवतो तशी गोलाने त्याच्याकडे पाठ फिरवली. चेंडूऐवजी जी रबरी चकती असते ती त्याच्या काठीला लागायची, पण जाळीत जायची नाही. कधी खांबाला आपटायची, कधी गोल राखणाऱ्या गोलकीच्या पोटावर, एकदा तर पंचाच्या नडगीवर. एका सामन्यात गोलकी घसरून पडला, जाळी सताड उघडी, समोर कॉर्विन एकटा. त्याने चकती अशी उडवली की ती काचेवरून प्रेक्षकांत गेली आणि एका बाईच्या कॉफीत पडली. ती बाई पुढे कित्येक वर्षं ती चकती लोकांना दाखवायची.

गावाने उपाय सुचवायला सुरुवात केली. न्हाव्याचं म्हणणं, केस कापावेत. बँकेतल्या माणसाचं म्हणणं, मुलीची भानगड असणार. प्रशिक्षकाचं म्हणणं कुणाला कळायचं नाही, कारण तो फक्त ओरडायचा. स्टेफ्काचं निदान ठरलेलंच होतं. पोरगा एवढा उंच, म्हणजे अन्न पायापर्यंत पोचायलाच वेळ लागत असणार. तिने वाढायचं प्रमाण वाढवलं. सकाळी अंडी, सॉसेज आणि लोण्यात परतलेला पाव. दुपारी बीटचं सूप, बोर्श, त्यावर आंबट सायीचा डोंगर. रात्री पिरोही. पिरोही म्हणजे बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या करंज्या, वरून परतलेला कांदा. कॉर्विन सगळं संपवायचा आणि "फार छान झालंय, मिसेस हरिनियुक," म्हणायचा. मग ती आणखी वाढायची.

गोल तरीही होईना, तेव्हा तिने देवालाही कामाला लावलं. चर्चमधलं तीर्थ छोट्या बाटलीत आणलं आणि कॉर्विन आंघोळीला गेलेला बघून त्याच्या काठीच्या पात्यावर शिंपडलं. कॉर्विनच्या लोकांच्या प्रार्थनाघरात मेणबत्तीसुद्धा नसते, त्यामुळे त्याला सांगायची सोय नव्हती. काठी रात्रभर बाहेरच्या व्हरांड्यात राहिली, पाणी पात्यावर गोठलं, आणि दुसऱ्या दिवशी सरावात काठीवरून चकती साबणासारखी निसटत होती. मेट्रोने ते पाहिलं होतं. त्याने बाटली उचलून फडताळात मागे ठेवली.

जानेवारी उजाडला. त्या महिन्याच्या सुरुवातीला संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. त्यानंतर दार बंद. स्टेफ्काला त्याचं भान नव्हतं. तिच्या डोक्यात पवित्र संध्याकाळ होती. युक्रेनी माणसांचा नाताळ सात तारखेला, आणि आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की बारा बिनमांसाचे पदार्थ मांडायचे. दोन दिवस आधीपासून तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

अशा वेळी मर्व्ह टॉलेफसन दारात उभा राहिला.

मर्व्ह आणि स्टेफ्का एका शाळेत शिकलेले. तो कुणालाही जुनं यंत्र नव्याच्या ऐटीत विकायचा, पण वाईट बातमी सांगायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. कॉर्विन घरात आहे का, त्याने विचारलं. नव्हता. मग थांबतो म्हणाला. थांबतोस तर बस म्हणून स्टेफ्काने खुर्चीवरची कोबीची पानं उचलली, आणि बसलास तर खा म्हणून पिरोही वाढल्या. मर्व्हने हवेबद्दल सांगितलं. गव्हाच्या भावाबद्दल सांगितलं. आपल्या बायकोच्या गुडघ्याबद्दल इतकं सांगितलं की बायकोला ऐकून राग आला असता. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर तो काट्याने एका पिरोहीला टोचत बसला. स्टेफ्काला वाटलं, चर्चच्या जेवणासाठी कॉफीचं मोठं भांडं मागायला आला असेल.

"भांडं हवंय का? घेऊन जा. झाकण मात्र परत आण."

"भांडं नको. स्टेफ्का, कॉर्विन जातोय."

"कुठे?"

"कॉर्डेलला."

तिला आधी वाटलं, दात दाखवायला जात असेल. कॉर्डेलला दातांचा डॉक्टर चांगला होता. मग मर्व्हच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं, आणि तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"कोल्ह्यांना दिलास तू त्याला? आणि घेतलंस काय?"

"एक गोलकी. आपला गोलकी जखमी आहे, तुला माहीतच आहे. आणि बाकी... पुढचं पुढे."

"पुढचं पुढे म्हणजे काय?"

"म्हणजे नंतर काहीतरी देतील. असंच असतं गं. करारात तसंच लिहितात."

"म्हणजे पोरगं दिलंस आणि बदल्यात 'बघू' घेतलंस. मेट्रो उद्या तुझ्याकडे ट्रॅक्टर मागायला आला तर देशील का 'पुढचं पुढे'वर?"

मर्व्हने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," म्हणाला.

स्टेफ्काने त्याच्या पुढ्यातली थाळी उचलली. तीन पिरोही शिल्लक होत्या आणि एक काट्याला लागलेली होती. तीही तिने काढून घेतली. एस्टरबीत ती गोष्ट पुढे खूप दिवस सांगितली जायची, कारण स्टेफ्काने कुणाच्या पुढ्यातलं अन्न उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कॉर्विन आला. बूट काढता काढता त्याने मर्व्हला पाहिलं, स्टेफ्काच्या हातातली थाळी पाहिली, आणि त्याला समजलं. मर्व्हने एका दमात सांगून टाकलं. पोरगा भिंतीला टेकला आणि त्याने मोठा श्वास सोडला.

"मला वाटलं, घरी परत पाठवणार," तो म्हणाला. "बाबा म्हणाले होते, जमलं नाही तर गायी आहेतच." आणि दुसरा बूट काढत, "कॉर्डेलचा रिंक चांगला आहे म्हणतात, बर्फ एकदम गुळगुळीत."

त्याला हायसं वाटलं होतं. स्टेफ्काला ते दिसलं, आणि तेवढंच तिला लागलं. पोरगा रडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

तो तिथे राहणार कुठे, हे तिने विचारलं. मर्व्ह दाराकडे सरकला. गोलकी ज्या घरातून येतोय तिथेच खोली रिकामी होणार, असं तो मफलर गुंडाळत म्हणाला. आणि मफलरातूनच त्याने नाव सांगितलं. ओरिसिया.

ओरिसिया म्हणजे स्टेफ्काची धाकटी बहीण. लग्न होऊन कॉर्डेलला गेलेली, आता विधवा. दोघी बहिणी बोलत नसत. कारण साधं होतं. आईच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात ओरिसियाने पिरोहीत खऱ्या बटाट्याऐवजी दुकानातली बटाट्याची पावडर वापरली होती, आणि स्टेफ्काने ते पहिल्या घासाला ओळखून फादरांसमोर बोलून दाखवलं होतं. ओरिसिया म्हणाली, बाळ आजारी होतं, वेळ नव्हता. स्टेफ्का म्हणाली, आईला आपल्याला वाढवायला वेळ होता. त्यानंतर बोलणं संपलं. ते आजारी बाळ आता व्हँकूवरला नोकरी करत होतं.

मर्व्ह म्हणाला, मी पोराला गाडीने सोडतो. स्टेफ्का म्हणाली, "तू नाही. तू दिलास, आता पोचवायला आम्ही जाऊ."

दोन्ही गावांच्या मधोमध महामार्गावर एक पेट्रोल पंप होता. पोरांची अदलाबदल तिथे करायची ठरली. पवित्र संध्याकाळच्या दिवशी सकाळी मेट्रोचा ट्रक तिथे पोचला. थंडी उणे पस्तीस. समोरून ओरिसियाची लांबलचक जुनी गाडी आली आणि पलीकडे उभी राहिली. ट्रकमधून स्टेफ्का उतरली नाही. गाडीतून ओरिसिया उतरली नाही. मधल्या मोकळ्या जागेतून दोन पोरं आपापल्या बॅगा आणि काठ्या घेऊन एकमेकांकडे चालत आली, मध्ये भेटली, हातमोज्यांनी हात मिळवले आणि पुढे गेली. पंपावरच्या माणसाला वाटलं, पोलिसांचं काहीतरी चाललंय. तो आत जाऊन बसला.

मेट्रो मात्र उतरला. त्याच्या हातात गोठवलेल्या पिरोह्यांची पेटी होती. ती त्याने ओरिसियाच्या गाडीत ठेवली, टोपी काढून "ख्रिस्त जन्मला," म्हटलं, आणि परत येताना त्याच्या हातात खसखशीचा गोड रोल होता, फडक्यात गुंडाळलेला. काचांवर वाफ जमली होती. स्टेफ्काने आपल्या बाजूची काच हाताने पुसली. पलीकडे ओरिसियानेही पुसली. दोघींनी एकमेकींकडे क्षणभर पाहिलं, आणि काचा पुन्हा धुरकटल्या.

"म्हातारी झालीये," स्टेफ्का म्हणाली.

मेट्रोने ट्रक सुरू केला.

नवा गोलकी रेमी शार्त्रां हा तळ्याकाठच्या फ्रेंच वस्तीतला पोरगा. काडीसारखा, मोठ्या कानांचा. गोलकी लोक विचित्र असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण रेमी त्यातही वरचा नंबर. सामन्याच्या दिवशी तो डाव्या पायावर जिना उतरायचा, आणि रिंकवर आपल्या गोलाच्या खांबांशी बोलायचा. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसांसाठी एक रिकामी जागा मांडलेली होती. रेमीने ती आपली समजली आणि तो सरळ तिच्यावर जाऊन बसला. स्टेफ्काने तोंड उघडलं. मेट्रोने तिच्या हातावर हात ठेवला. पोरगा बसला तो बसला.

"थँक यू, टेटा," तो म्हणाला. टेटा म्हणजे मावशी. हे त्याला ओरिसियाने शिकवलेलं. कॉर्विन चार महिने राहिला आणि शेवटपर्यंत 'मिसेस हरिनियुक'च म्हणत राहिला, हे स्टेफ्काच्या मनात येऊन गेलं.

रेमी चिमणीसारखा खायचा. बारापैकी प्रत्येक पदार्थाचा एकेक घास घेऊन त्याने हात पुसले. पण गोलात उभा राहिला की चकती त्याच्या अंगाला चिकटायची. पहिल्या तीन सामन्यांत गवे जिंकले, आणि मर्व्ह पुन्हा गावात मान वर करून फिरायला लागला.

फार दिवस नाही. हवा कोरडी असली की कॉर्डेलचं रेडिओ केंद्र एस्टरबीत ऐकू यायचं. मेट्रो सामन्याच्या वेळी बटण हळूच तिकडे फिरवायचा आणि स्टेफ्का पाठ करून बटाटे सोलत राहायची, गरजेपेक्षा खूप जास्त. कोल्ह्यांचा एक बचावपटू घोटा मोडून घरी बसला होता. दुसरा कुणी नव्हता म्हणून त्यांच्या प्रशिक्षकाने कॉर्विनला मागे उभं केलं. आणि तिथे त्या पोराचं काय झालं कुणास ठाऊक. समोरून येणारा माणूस त्याच्यावर आपटायचा आणि खाली बसायचा. चकती त्याच्या काठीवर यायची आणि राहायची. फेब्रुवारीत त्याने निळ्या रेषेवरून, म्हणजे गोलापासून चांगलं लांबून, दोन गोल मारले. रेडिओवरचा माणूस त्याचं नाव घेताना घसा खाकरून घ्यायचा.

कॉर्डेलहून 'पुढचं पुढे' पण आलं. लाकडी खोक्यात घालून, मालाच्या ट्रकने. मक्याच्या लाह्या फोडायचं एक वापरलेलं यंत्र. कोल्ह्यांनी नवीन घेतलं होतं. एस्टरबीच्या रिंकवर ते बसवलं गेलं, आणि तिथून पुढे लाह्यांचा पुडा घेणारा प्रत्येक माणूस मर्व्हला विचारायचा, कॉर्विन आज खारट झालाय की गोड. यंत्र चांगलं चालायचं, हेच मर्व्हचं दुर्दैव. बिघडलं असतं तर परत पाठवता आलं असतं.

स्टेफ्काला मात्र दुसरीच चिंता लागली. तिने रेमीला आडून आडून विचारलं, ओरिसियाकडे जेवायला काय असतं. रेमी साधा मुलगा. त्याने सगळं सांगितलं. सकाळी ओटची पेज, मीठ घालून. दुपारी उकडलेला मासा. रात्री सूप आणि पाव, आणि शाळेतून आल्यावर आधी फाटकापासून गल्लीच्या टोकापर्यंत फावड्याने बर्फ उपसायचा, मग जेवण. कॉर्विनला परवा पाहिलं, तो बारीक झालाय, असंही रेमी म्हणाला. "छान दिसतो," म्हणाला.

त्या दिवसापासून स्टेफ्काचा हात थांबला. आपल्या जेवणाने पोरगा जड झाला आणि बहिणीच्या पेजेने हलका, असं तर नसेल? हा विचार तिने कुणाला सांगितला नाही. पण मेट्रोला कळलं, कारण लागोपाठ चार दिवस त्याला डब्यातले सार्डीन मासे मिळाले. पाचव्या दिवशी तो कोठाराजवळच्या हॉटेलात जाऊन जेवून आला. हे गावभर झालं, आणि फादर स्वतः विचारपूस करायला आले. कुणी आजारी आहे का, त्यांनी विचारलं. त्यांना चहाबरोबर एक कोरडं बिस्किट मिळालं, आणि प्रश्नाचं उत्तर त्यांना त्यातच मिळालं.

मार्चच्या एका रविवारी दुपारी गवे कॉर्डेलला खेळायला जाणार होते. स्टेफ्काने शपथ घेतली होती की त्या गावात पाय ठेवणार नाही. शनिवारी तिने मेट्रोला सांगितलं की रेमीला खांबांशी बोलताना थंडी वाजते, त्याला जाड मोजे द्यायला जायला हवं. रेमीच्या पायात तेव्हा दोन जोड मोजे होते. मेट्रोने ट्रकमध्ये पेट्रोल भरलं.

कॉर्डेलचा रिंक तुडुंब भरला होता. दार उघडणाऱ्या बाईने त्यांना पाहिलं, तिला बहिणींची गोष्ट माहीत होती की नव्हती देव जाणे, पण तिने रिकाम्या दोन जागा दाखवल्या त्या ओरिसियाच्या शेजारी. मेट्रोने पटकन टोकाची जागा घेतली. स्टेफ्काला मध्ये बसावं लागलं. दोघी समोर बघत बसल्या. दोघींच्या मांडीवर एकसारखी काळी पर्स होती, कारण दोन्ही आईने घेऊन दिलेल्या होत्या.

सामना सुरू झाला आणि पंचाईतीलाही सुरुवात झाली. कॉर्विनने दुरून चकती मारली, रेमीने ती हवेत पकडली. स्टेफ्का उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, कारण रेमी तिच्या घरचा. त्याच क्षणी ओरिसियाही उभी राहिली, कारण रेमी तिचाही आधीचा. पुढच्या मिनिटाला एस्टरबीचा एक दांडगा पोरगा कॉर्विनवर चाल करून आला आणि कॉर्विनने त्याला कडेच्या फळीवर असा लावला की फळी हलली. तेव्हाही दोघी उभ्या. मागे बसलेल्या माणसाने विचारलं, बायांनो, तुम्ही नक्की कुणाच्या? दोघींनी एकदम मागे वळून त्याला असं पाहिलं की तो लाह्या आणायला गेला.

शेवटच्या भागात बरोबरी होती. चकती निळ्या रेषेवर कॉर्विनकडे आली. त्याने मान वर करून पाहिलं, काठी उचलली, आणि चकती कुणाच्याही डोळ्यांना दिसली नाही. दिसला तो जाळीचा फुगा. सगळं कॉर्डेल उठलं. स्टेफ्का उठली. तिने दोन्ही हात वर केले आणि युक्रेनीत काहीतरी ओरडली, आणि समोरच्या बाकांवरून एस्टरबीचे सगळे लोक मागे वळून तिच्याकडे बघायला लागले. त्यांच्यात मर्व्ह होता. मर्व्ह टाळ्या वाजवत नव्हता, पण त्याच्या चेहऱ्यावर आपलं जुनं यंत्र दुसऱ्याच्या शेतात झकास चालताना बघणाऱ्या माणसाचं दुःख आणि अभिमान दोन्ही होतं.

गोंगाट ओसरला तेव्हा ओरिसिया समोर बघतच म्हणाली, "पेज चांगली असते अंगाला."

कित्येक वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"तू त्याला उपाशी ठेवलंस," स्टेफ्का म्हणाली.

"तू त्याची कणगी केली होतीस. माझ्याकडे आला तेव्हा जिना चढताना धापा टाकत होता."

"त्या कणगीच्याच जोरावर आज फळी हलली. चार महिने मी भरलं, तू दोन महिने खर्च केलंस."

मग त्या दोघी जे बोलायला लागल्या ते सामना संपला तरी थांबेनात. पावडरचा विषय निघाला. त्या आजारी बाळाचा निघाला. आई कुणावर जास्त माया करायची तो निघाला. ओरिसियाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि स्टेफ्काने पर्समधून रुमाल काढून दिला, देताना म्हणाली की स्वतःचा आणायची बुद्धी तुला कधीच नव्हती. मेट्रो शेजारी बसून रिकाम्या रिंककडे बघत होता. त्याला घाई नव्हती.

कपडे बदलून कॉर्विन बाहेर आला तेव्हा दोघींनी त्याला घेरलं. तो खरंच सडपातळ झाला होता आणि चेहऱ्यावर रंग होता. त्याने स्टेफ्काला पाहिलं आणि मान खाली घालून हसला.

"आता खरं सांग," स्टेफ्का म्हणाली. "कशाने जमलं तुला? हिच्या जेवणाने की माझ्या?"

पोरगा आळीपाळीने दोघींकडे बघायला लागला. कुणाचं मन मोडू नये असं काहीतरी शोधत असावा, पण तो मेनोनाइट होता, खोटं बोलायची सवय नव्हती.

"जेवणाचं नाही, टेटा," तो म्हणाला. त्याने नेमकं कुणाला टेटा म्हटलं ते कळलं नाही, त्यामुळे दोघींनी ते आपापल्याकडे घेतलं. "एस्टरबीत मी पुढे खेळायचो. सगळे मागे असायचे, कोण कुठून येतंय दिसायचं नाही. आता मी मागे असतो. सगळं समोर दिसतं. एवढंच आहे."

दोघींनी ऐकून घेतलं. मग ओरिसियाने स्टेफ्काकडे पाहिलं आणि स्टेफ्काने ओरिसियाकडे.

"पोराला काय कळतंय," ओरिसिया म्हणाली.

"लहान आहे अजून," स्टेफ्का म्हणाली.

आणि त्या बाबतीत दोघींचं एकमत झालं, ते कायमचं.

बाहेर तोवर वारा सुटला होता. महामार्गावर बर्फ इतका उडत होता की पोलिसांनी रस्ता बंद केला. गव्यांची बस शाळेच्या व्यायामशाळेकडे वळली, पोरं तिथे झोपणार होती. स्टेफ्का आणि मेट्रो ओरिसियाच्या घरी गेले, दुसरं कुठे जाणार. तिथे गेल्या गेल्या स्टेफ्काने कोट काढला आणि बाह्या सरसावल्या. ओरिसियाने बटाट्यांची पाटी पुढे सरकवली. बटाटे खरे होते, मातीसकट. स्टेफ्काने एक उचलून दिव्याकडे धरून पाहिला आणि मग सोलायला घेतला.

सकाळी आकाश निळंशार होतं. मेट्रो आणि कॉर्विन फावडी घेऊन ट्रक उकरून काढत होते. खिडकीतून दोघी बहिणी कॉफी पीत बघत होत्या.

"ईस्टरनंतर कबरींना आशीर्वाद द्यायला फादर येतील," स्टेफ्का म्हणाली. "आईच्या कबरीवरचा क्रूस कलंडलाय. गेल्या वर्षी मी एकटीनेच सरळ करायला बघितला, जमलं नाही."

"येईन," ओरिसिया म्हणाली. "पण मी माझ्या गाडीने येणार. तुमच्या त्या ट्रकमध्ये बसले तर पुढच्या ईस्टरला पोचेन."

स्टेफ्काने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. मेट्रो गाडी हळू चालवतो, हे तिलाही मान्य होतं.